माळ्यावरची चिंच

भाड्याची खोली बघायला गेलं की घरमालक साधारण काय विचारतो, ते तुम्हाला माहीत आहे. नोकरी कुठं, माणसं किती, पाहुण्यांची ये-जा फार असते काय, गाडी कुठं लावणार. डोमाजींनी यातलं काहीच विचारलं नाही. त्यांनी मला मागच्या स्वयंपाकखोलीत उभं केलं, दार लोटून घेतलं आणि सगळं अंगण ओलांडून पार रस्त्यावरच्या फाटकापाशी गेले. तिथून ओरडले, "गुरुजी, आवाज द्या बरं."

"काय म्हणू?"

"काहीही म्हणा. मले ऐकू आलं पायजे."

मी शाळेत गणित शिकवतो. आवाज हीच माझी मिळकत. एकटाच खोलीत उभं राहून मी सतराचा पाढा सुरू केला. निम्म्यावर आलो तोच फाटक वाजलं आणि डोमाजी आत आले. म्हणाले, "जमते. राहाले या." भाड्याचं बोलणं त्याच्यानंतर झालं. माझ्या आधी एक बँकेतले साहेब खोली पाहून गेले होते. माणूस सज्जन, बायको-पोरं गावी, कटकट काही नाही. पण डोमाजींनी त्यांना परत पाठवलं. "आवाजच नाही बिचाऱ्याले," ते म्हणाले. "उद्या नळ फुटला तं सांगन कसा?"

या घराचा पहिला कायदा असा. जिथं बिघाड, तिथून आवाज. नळ गळतो म्हणून तुम्ही डोमाजींच्या ओसरीवर जाऊन सांगितलं तर ते ऐकूनच घेत नसत. पंखा बंद पडला तर पंख्याखाली उभं राहायचं आणि तिथून हाक मारायची. मग समोरच्या घरातून "बोला" असा आवाज येणार, तुम्ही बिघाड सांगणार, ते तिथूनच दोन-चार प्रश्न विचारणार, आणि मग पान्हा घेऊन निघणार. एकदा मी म्हटलं, "काकाजी, मोबाइल आहे ना तुमच्याजवळ, फोन करत जाऊ काय?" ते म्हणाले, "फोनवर सारेच आवाज एका जागेवरून येते. मले कसं समजन मोरी बोलून राहिली का दरवाजा?"

याचं कारण असं की त्यांची सगळी उमर तुमसरच्या एका राइस मिलमध्ये गेली होती. खाली धानाच्या खड्ड्यापाशी एक माणूस, वर एलिव्हेटरच्या टोकाशी दुसरा, आणि मधे यंत्रांचा दणदणाट. खालच्यानं ओरडायचं, वरच्यानं ऐकायचं, वरच्यानं ओरडायचं, खालच्यानं पट्टा थांबवायचा. निवृत्त झाले तरी त्यांच्या कानात मिल चालूच होती. सकाळी समोरच्याला "राम राम" म्हटलं की मागच्या गल्लीतलं बाळ दचकून उठायचं. आमच्या मंदाला, म्हणजे माझ्या बायकोला, पहिले काही दिवस वाटत होतं की समोर रोज भांडण चालतं. मग तिच्या लक्षात आलं की ते चहात साखर कमी आहे एवढंच सांगून राहिले आहेत.

मिलमधून निघताना त्यांनी जुन्या रबरी पट्ट्याचं एक भेंडोळं मागून आणलं होतं. आमच्या बिऱ्हाडात जे काही दुरुस्त झालं ते त्या पट्ट्यानं झालं. नळाची वाशर पट्ट्याची. खिडकीच्या बिजागऱ्या पट्ट्याच्या. पलंगाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली पट्टा. माझ्या चपलेचा अंगठा तुटला तेव्हा मी बाहेरच्या बाहेर मोच्याकडे निघालो होतो, तर फाटकात अडवलं. पट्ट्याचा अंगठा बसवून दिला. ती चप्पल मी अजून वापरतो, फक्त पाय माझा राहिला नाही.

बाहेरचा मिस्त्री त्यांना खपायचा नाही. एकदा ते लग्नाला दिघोरीला गेले होते आणि आमची मोरी तुंबली. मंदानं एका प्लंबरला बोलावलं. तो कामाला लागतो न लागतो तोच डोमाजी परत आले. रागावले नाहीत. अंगणात खुर्ची टाकून बसले आणि प्लंबरला म्हणाले, "आतून आवाज देत राहा बापा, काय करून राहिला ते." तो बिचारा मोरीत डोकं घालून ओरडतोय, "पाइप खोलला," आणि हे बाहेरून, "मंग?" "कचरा आहे." "कायचा?" "केसाचा." "काढ." शेवटी त्या पोरानं मजुरी घेतली आणि पुन्हा आमच्या गल्लीत पाय टाकला नाही.

हे सगळं एकट्याचं काम नव्हतं. खालचा माणूस होता ना. खालचा माणूस म्हणजे भागरताकाकू, त्यांच्या बायको.

काकू अंगानं चिमणीएवढ्या. आवाज बारीक, पण लांब पोचणारा. डोमाजी पाण्याच्या टाकीवर चढायचे आणि काकू नळापाशी उभ्या राहायच्या.

"येते काय?"

"येते."

"आता?"

"बारीक झालं."

"आता?"

"अजी, आता तं नळच हातात आला."

टीव्हीची छत्री असो, विजेचा फ्यूज असो, दोघांचा हाच खेळ. त्या दोघांना एकमेकांजवळ बसून बोलताना मी फारसं पाहिलं नाही. एक वर, एक खाली, असाच त्यांचा संसार झाला. मंदा म्हणायची, "किती दमत असतील दोघंही." मला मात्र वाटायचं, आपण दोघं एका सोफ्यावर बसून दिवसात जेवढं बोलतो त्यापेक्षा यांचं बोलणं जास्तच भरेल.

सगळ्यात मोठा खेळ मे महिन्याच्या शेवटी. घर कवेलूचं, म्हणजे कौलारू. समोर त्यांचं बिऱ्हाड, मागे आमचं, आणि वर एकच लांब छप्पर. वर्षभर माकडं येऊन त्याच्यावर नाचतात, म्हणून पाऊस लागायच्या आधी कवेलू फेरावे लागतात. फुटके काढायचे, सरकलेले बसवायचे. आता वरून बघितलं तर कवेलू सगळे सारखे दिसतात. फट कुठं आहे ते आतूनच कळतं, कारण आत अंधार असतो आणि फटीतून उजेड येतो. म्हणून काकू आत माळ्यावर चढायच्या. हातात तुराटी, म्हणजे तुरीची वाळकी काडी. उजेड दिसला की "उजेड" म्हणून ओरडायचं आणि ती काडी फटीतून वर सारायची. डोमाजींना छपरावर काडी उगवलेली दिसायची. ते तिथं जायचे, कवेलू बसवायचे आणि विचारायचे, "दिसते काय?" आतून आवाज यायचा, "गेलं." मगच पाय पुढे. आवाज आल्याबिगर घरावर पाय उचलायचा नाही, हा त्यांचा दुसरा कायदा.

एक गोष्ट ते दरवर्षी त्या दिवशी चहाच्या वेळी सांगायचे. आमची स्वयंपाकखोली मागाहून जोडलेली. तिथं दोन उतार एकमेकांना मिळतात आणि कोपऱ्यात खालची लाकडं बारीक आहेत. प्रकाश, म्हणजे त्यांचा एकुलता मुलगा, पाळण्यात होता त्या वर्षी काकूंना तिथं उजेड दिसला. त्यांनी काडी वर सारली, डोमाजी गेले आणि लाकूड मोडून त्यांचा एक पाय थेट माळ्यात आला.

"मी वर, अन् माहा पाय खाली," डोमाजी सांगायचे. "हिनं काय करावं? पाय धरला. मी म्हणतो सोड, वर काढतो. हे म्हणते सोडत नाही, पडाल तुम्ही. शेजारचे आले. वरचे मले ओढून राहिले, अन् खालून हे सोडाले तयार नाही. गुरुजी, माहा एक पाय तवापासून लांब आहे." आणि स्वतःच मांडीवर थाप मारून हसायचे.

काकू कधी हसायच्या नाहीत. गोष्ट पायापर्यंत आली की त्या कपबशा उचलून आत निघून जायच्या. मला वाटायचं, तीच ती गोष्ट ऐकून कंटाळल्या असतील.

त्या कोपऱ्याची लाकडं नंतर डोमाजींनी बदलली, नवे कवेलू टाकले. तरी दरवर्षी पावसाळ्यात आमच्या गॅसच्या शेगडीवर पाणी टपकायचं. रोज नाही. एखादा दिवस पाऊस आला तर काही नाही. झड लागली, दोन-तीन दिवस सारखा पाऊस राहिला, की रात्रीतून थेंब सुरू. डोमाजींच्या जिवाला हे फार लागायचं. भाडेकरूच्या चुलीवर पाणी पडणं म्हणजे आपल्या इज्जतीवर पडणं, असं ते म्हणायचे. दर मे महिन्यात ते वरून विचारायचे, "कोपऱ्यात दिसते काय?" काकू आतून म्हणायच्या, "काही नाही दिसत. अंधार आहे."

उजेड नाही म्हणजे फट नाही. फट नाही तर पाणी कुठून? यावर डोमाजींनी आपलं एक शास्त्र बनवलं होतं. "पाणी चालत येते, गुरुजी. पडते एकीकडं अन् उतरते दुसरीकडं. चालता चालता दोन-तीन दिवस लागते त्याले." म्हणून ते दरवर्षी घराच्या अगदी दुसऱ्या टोकाचे निरपराध कवेलू उघडून पुन्हा बसवायचे. पाणी आपलं दरवर्षी चालत यायचं.

एका वर्षी त्यांना संशय आला की काकूंची नजरच गेली आहे. तसा मोतीबिंदू होताच. भंडाऱ्याला नेऊन ऑपरेशन केलं. त्यानंतर काकू ओसरीवर बसून अंगणातल्या मंदाला सांगायच्या की तुझ्या साडीचा फॉल उसवला आहे. तांदळातला खडा त्या सुपाला हात न लावता दाखवायच्या. मे महिना आला. माळ्यावर चढल्या. "कोपऱ्यात दिसते काय?" "काही नाही दिसत." डोमाजी खाली आले ते डॉक्टरवर चिडून. म्हणाले, "खाली पाहाचा डोळा बसवला त्यानं. वर पाहाचा बसवलाच नाही."

माळा आमच्या स्वयंपाकखोलीवर असला तरी सामान सगळं काकूंचं. प्रकाशचा जुना पाळणा, बारदाना, एक फुटकं सूप आणि चिंचेची मडकी. आम्ही कधी वर चढलो नाही, दुसऱ्याच्या सामानात कशाला हात घाला. काकू मात्र चढायच्या. झड लागली की रोज एक चक्कर. काखेत रिकामा गंज, म्हणजे पातेलं, घेऊन दारात येऊन म्हणायच्या, "मंदा, चिंच पायजे होती थोडी." शिडी चढायच्या, थोड्या वेळानं उतरायच्या. हातात जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा, मोठा गंज, त्याच्यावर पदर घट्ट ओढलेला, आणि तशाच पावसातून हळूहळू घरी जायच्या. मंदा मला म्हणायची, "काकूंना चिंच पावसाळ्यातच कशी लागते हो?" मी म्हणायचो, "असते एकेकाची आवड."

मागच्या हिवाळ्यात काकू गेल्या. फार दिवस आजारी नव्हत्या. दवाखान्यात आठवडाभर होत्या, तेव्हा मी आणि मंदा भेटायला गेलो होतो. तिथं नर्सबाई डोमाजींना दर थोड्या वेळानं सांगत होत्या, "काकाजी, हळू बोला, बाकीचे पेशंट आहेत." आयुष्यात पहिल्यांदा तो माणूस हळू बोलायला शिकून राहिला होता. काकूंच्या उशाशी वाकून कुजबुजत्या आवाजात म्हणत होते, "पाणी पायजे काय?" काकूंनी डोळे उघडले. म्हणाल्या, "मोठ्यानं बोला. तुमीच आहा असं वाटत नाही." डोमाजींनी नर्सबाईंकडं पाहिलं आणि मग सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं विचारलं, "पाणी पायजे काय?" काकू म्हणाल्या, "हाव." मी बाहेर येऊन व्हरांड्यात उभा राहिलो. मला तिथं थांबवेना.

त्यानंतर घर शांत झालं, असं मी म्हणणार होतो. पण तसं झालं नाही, आणि तेच वाईट होतं. डोमाजी टाकीवर चढायचे आणि सवयीनं ओरडायचे, "येते काय?" मग गप्प. मग सावकाश उतरायचे, गुडघा धरून नळापर्यंत जायचे, पाणी बघायचे, पुन्हा चढायचे. एक दिवस मंदाला ते ऐकवेना. त्यांचा नळ आमच्या खोलीतून दिसतसुद्धा नाही, तरी तिनं खिडकीतून आवाज दिला, "येऊन राहिलं, काकाजी." मग आवाज आला, "तुमाले कुठून दिसते?" मंदा म्हणाली, "आवाजावरून कळतं." त्यांनी जास्त विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून मंदाच त्यांच्या नळाची खबर द्यायला लागली, न बघता. खबर चुकली की ते स्वतः उतरून जाऊन पाहायचे आणि काही बोलायचे नाहीत.

प्रकाश हैदराबादला नोकरी करतो. पोरगा चांगला आहे. बापाला घेऊन जायला आला होता. डोमाजी आठवडाभर राहून परत आले. म्हणाले, "तिथं मी बोललो का खालचे लोक वर येते, अन् वरचे लोक खाली. साऱ्यांच्या हातात मोबाइल. पोलिसाले लावून राहिले होते एक दिवस."

पण उन्हाळ्यात त्यांना टाकीवर असताना चक्कर आली आणि प्रकाशनं फोनवर दोन गोष्टी बजावल्या. एक, बाबांनी घरावर चढायचं नाही. दोन, या पावसाळ्यात सरांच्या शेगडीवर एक थेंब जरी पडला, तर दिवाळीच्या आत सगळे कवेलू उतरवून पत्रे टाकायचे. मला वेगळा फोन करून म्हणाला, "सर, तुम्ही खरं सांगाल मला. बाबा सांगणार नाहीत." मी हो म्हटलं. त्याचं चुकीचं काय होतं? बाप पडला तर तो येईपर्यंत काय होईल, याच्यानं त्याला झोप येत नव्हती.

डोमाजींनी मात्र पत्र्याचं नाव ऐकलं आणि जेवण सोडल्यासारखं केलं. संध्याकाळी आमच्या दारात येऊन बसले. मी म्हटलं, "काकाजी, पत्रे बरे पडतील. दरवर्षीची कटकट जाईल."

"तेच तं," ते म्हणाले. "पत्र्याले आतून पाहणारं माणूस लागत नाही."

त्यांना काय म्हणायचं होतं ते मला कळलं आणि मी पत्र्याची बाजू सोडून दिली. म्हटलं, "मी चढतो घरावर. तुम्ही माळ्यावरून आवाज द्या. यंदा तो कोपरा शोधूनच काढू."

अशा रीतीनं ज्या माणसानं सगळी उमर वरून ओरडण्यात घालवली तो पहिल्यांदा आत गेला. शिडी चार पायऱ्यांची, तरी मंदानं ती धरून ठेवली. मी बाहेरून घरावर चढलो. खरं सांगतो, मला उंचीची भीती वाटते. वर गेल्यावर कळलं की छप्पर खालून दिसतं त्याच्या दुप्पट उताराचं असतं. मी हातापायांवर रांगत होतो आणि आतून, अगदी माझ्या पोटाखालून, डोमाजींचा आवाज येत होता, "कवेलूवर नाही, लाकडावर पाय. बसून सरका. लाज नका वाटू देऊ."

पहिली काडी वर आली. "उजेड." मी सरकत गेलो, कवेलू बसवला. "दिसते काय?" मी विचारलं. "गेलं," आतून आवाज आला. मग दुसरी काडी, तिसरी. हळूहळू मला हात बसला. डोमाजीही रंगात आले. त्यांच्या आवाजात मी कितीतरी महिन्यांनी ती जुनी मिल ऐकली. "डावीकडं, गुरुजी. अजून. तुमी गणिताचे ना, डावं-उजवं समजत नाही काय?" खाली मंदा हसून राहिली होती. आता कोपरा तेवढा उरला.

मी दोन उतार मिळतात त्याच्या अलीकडं येऊन थांबलो. वरून तर तिथला प्रत्येक कवेलू धड दिसत होता. "काकाजी, कोपऱ्यात दिसते काय?"

आतून काहीच आलं नाही.

"काकाजी?"

पुन्हा काही नाही. माझ्या मनात नको ते आलं. मी मंदाला हाक मारली, ती म्हणाली, "बसले आहेत, ठीक आहेत." मग डोमाजींचा आवाज आला, पण बारीक. "काही नाही. उतरा खाली."

"नक्की काही नाही?"

"उतरा म्हणतो ना, गुरुजी. सांभाळून उतरा."

मी उतरलो, हात धुतले आणि माळ्याच्या शिडीवर चढून डोकं आत घातलं. त्यांना धरून उतरवावं म्हणून. आत गरम वाफ आणि अंधार. डोमाजी पाळण्याला टेकून बसले होते. आणि कोपऱ्यात, दोन कवेलूंच्या मधून, उन्हाचा एक चांगला जाडजूड कवडसा खाली आला होता. आंधळ्याला दिसावा इतका. तो सरळ खाली ठेवलेल्या जर्मनच्या गंजात पडला होता. गंजाच्या आत पाण्याच्या रेघा उमटलेल्या, एकावर एक, काठापर्यंत. वर त्या फटीजवळचं लाकूड वाळवीनं खाऊन पोकळ केलं होतं. माझ्यासारखा माणूस तिथं गेला असता तर दोन्ही पाय खाली आले असते.

"हा गंज तिनं ठेवला," डोमाजी म्हणाले.

मंदा शिडी धरून खालून ऐकत होती. ती हळूच म्हणाली, "काकाजी, काकू पावसात यायच्या. चिंच पाहिजे म्हणायच्या. गंज पदरानं झाकून न्यायच्या. मला वाटायचं, चिंच भिजू नये म्हणून झाकतात."

झड लागली की गंज भरत होता. काकू तो रोज रिकामा करत होत्या. एखाद्या दिवशी जमलं नाही, तब्येत बरी नसली, की तो भरून वाहत होता आणि आमच्या शेगडीवर थेंब पडत होते. पाणी कुठूनही चालत येत नव्हतं.

"तिले दिसत होतं," डोमाजी म्हणाले. "साऱ्या वर्षी दिसत होतं. त्या कोपऱ्यात माहा पाय गेला तवापासून तिनं तिथला उजेड मले सांगतलाच नाही. अन् मी तिले आंधळी म्हणत राहिलो. चारचौघांत म्हणत राहिलो." त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं. घाम होता की काय होतं, मी पाहिलं नाही.

काही तरी बोलायला हवं म्हणून मी म्हटलं, "काकाजी, आता सापडलं ना. काडी वर सारा. मी कडेकडेनं जातो, कवेलू बसवतो. म्हणजे यंदा थेंब पडणार नाही आणि पत्र्याचं नाव निघणार नाही."

"नाही."

"अहो, पत्रे टाकेल ना प्रकाश."

"टाकू द्या." तुराटी त्यांच्या हातात होती. ती त्यांनी मोडली, आणखी एकदा मोडली आणि बाजूला ठेवली. "आवाज आल्याबिगर घरावर पाय नाही. अन् मी आवाज देत नाही. तुमची बायको खाली शिडी धरून उभी आहे."

मी सुताराचं नाव काढून पाहिलं. तोही कुणाचा तरी कोणी असेल, त्यालाही पाय आहेत, असं म्हणून त्यांनी तो विषय संपवला. त्या दिवशी चहाच्या वेळी पायाची गोष्ट निघाली नाही. कपबशा त्यांनी स्वतःच उचलून आत नेल्या.

यंदा पाऊस चांगला लागला. नेमकी जुलैत झड लागली, सारं तुमसर चिंब. दुसऱ्या दिवशी सकाळी दार वाजलं. मंदानं उघडलं. डोमाजी उंबऱ्यात उभे, डोक्यावर दुपट्टा, काखेत रिकामा गंज. त्यांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग मंदाकडं, आणि त्या माणसाला जमेल तितक्या सहज म्हणाले, "मंदा, चिंच पायजे होती थोडी."

मी शिडी धरली. मी चढतो म्हणालो, ते ऐकायला तयार नव्हते. गुडघा धरत, एकेक पायरी मोजत वर गेले. गंज बदलायला लागतो त्यापेक्षा बराच वेळ ते वर बसले. मी खालून आवाज दिला नाही.

तेवढ्यात माझा फोन वाजला. प्रकाश. "सर, टीव्हीवर दाखवून राहिले, तिकडं फार पाऊस आहे म्हणून. शेगडीवर टपकतं काय?"

मी शेगडीकडं पाहिलं. कोरडी होती. "नाही," मी म्हटलं. "एक थेंब नाही."

"खरं सांगता ना? आणि बाबा कुठं आहेत? फोन उचलत नाहीत."

मंदानं माझ्या हातातून फोन घेतला. "इथंच आहेत," ती म्हणाली. "चिंच काढायला आले आहेत." तिकडून प्रकाश हसला. म्हणाला, "आईची सवय लागली वाटते."

डोमाजी उतरले. गंज काठोकाठ भरलेला, दोन्ही हातांत धरलेला. मी म्हटलं, "द्या, इथंच मोरीत ओततो." त्यांनी मान हलवली. गंज ओट्यावर ठेवला, डोक्यावरचा दुपट्टा काढला, गंजावर पसरला, चारी बाजूंनी नीट खोचला. मग उघड्या डोक्यानं पावसात उतरले आणि पाण्यानं भरलेला तो गंज भिजू नये असा झाकून, सावकाश, अंगणातून आपल्या घराकडं घेऊन गेले.